मुंबईत घडणारी दहशतवादविरोधी थरारकादंबरी : लेखकाचं स्वातंत्र्य किती, आळस किती?

आडवी_ओळ
वाचनकट्ट्यावर पुढच्या आठवड्यात एका थरारकादंबरीवर चर्चा आहे. निम्म्या मंडळींची अजून वाचून व्हायची आहे म्हणून नाव देत नाही. वेग जबरदस्त, एका बैठकीत संपते. पण काही जागी अडखळायला झालं. एटीएसचा इन्स्पेक्टर मोबाइल कंपनीला फोन लावतो आणि दोन मिनिटांत टॅपिंग सुरू. नायक विरार फास्टच्या टपावरून डबे ओलांडत पळतो. ऐन जुलैत एक ट्रॉलर ससून डॉकला लागतो आणि कोणी मान वळवूनही बघत नाही. शेवटी लाल वायर की निळी, तो प्रकार आहेच. आणि आरोपीने इन्स्पेक्टरसमोर कबुली दिली की पुस्तक समाप्त. जाणकारांनी सांगावं, यातलं काय खपवून घ्यायचं आणि काय नाही?

पंचनामा
टॅपिंगचा वेग चूक नाही, माणूस चूक आहे. फोन ऐकण्याचा आदेश राज्यात गृहसचिवांचा लागतो. तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत वर कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही तर ऐकणं बंद. मंजूर आदेश साठ दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. २६/११ ला हल्ला चालू असतानाच एटीएसने हल्लेखोरांचे फोन ऐकले होते आणि ती संभाषणं पुढे खटल्यात पुरावा म्हणून आली. म्हणजे घाई शक्य आहे, फक्त ती इन्स्पेक्टरच्या हातात नसते. रात्री दोन वाजता कोणत्या साहेबाला उठवायचं, तो 'कारण लेखी दे' म्हणाला तर काय, हा खरा प्रसंग होता. लेखकाने तो फुकट घालवला.

सीडीआर आणि टॅपिंग यांचाही घोळ दिसतो, हा तर जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो. सीडीआर म्हणजे कॉलची नोंद. तिच्यात कोणी कोणाला, कधी, किती सेकंद, कोणत्या टॉवरखालून आणि कोणत्या आयएमईआयच्या (हँडसेटच्या ओळख क्रमांकाच्या) हँडसेटवरून फोन केला एवढंच असतं. बोलणं नसतं. तो मागायला गृहसचिव लागत नाहीत, अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची मागणी पुरते.

कबुलीचं मात्र माफ करण्यासारखं नाही. पोलिसांपुढची कबुली पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ ने बाद होती, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ ने आहे. अपवाद मोक्काचा, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा. त्याच्या कलम १८ खाली अधीक्षक दर्जाचा अधिकारी, मुंबईत उपायुक्त, कबुली नोंदवू शकतो, आणि लगोलग आरोपीला मुख्य दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. यूएपीएत, म्हणजे दहशतवादाला लागणाऱ्या केंद्राच्या कायद्यात, अशी सोय नाही. त्यामुळे आरोपीला कोणता कायदा लावला यावर अख्खं कथानक फिरू शकतं. कसाबची कबुलीसुद्धा फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनीच नोंदवली होती.

डबलफास्ट
टपावर पळणारा नायक दुसऱ्या पानाला मेलेला असतो. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी आहे. पश्चिम रेल्वेवर डीसीवरून एसीवर जाण्याचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, हार्बर सर्वांत शेवटी २०१६ मध्ये. तारेला हात लागायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. त्याआधीची १,५०० व्होल्ट डीसी होती, तीही जीव घ्यायला पुरेशी.

गंमत अशी की खरा अडथळा यापेक्षा कामाचा आहे. साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्यात आतून जाताच येत नाही. संशयित पुढच्या डब्यात आहे हे कळलं तरी पुढच्या स्टेशनापर्यंत हात चोळत बसायचं, मग गाडी थांबते त्या पंचवीस-तीस सेकंदांत उतरायचं, उतरणाऱ्या लोंढ्यातून फलाटावर पळायचं आणि पुन्हा घुसायचं. फास्ट गाडी असेल तर बोरिवली सुटल्यावर हे गणित बदलतं, कारण पुढे विरारपर्यंत ती बहुधा सगळीकडे थांबते. एसी लोकलमध्ये डबे आतून जोडलेले असतात, पण दारं बंद, म्हणजे चालत्या गाडीतून उडी नाही. लेखकाने या दोन गाड्यांतली एक निवडायची होती. त्याने दोन्हींचे फायदे घेतले.

आणखी एक. गाडीत गुन्हा घडला की एफआयआर लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे राज्याच्या दलाकडे. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं. पुस्तकात आरपीएफचा जवान तपास करतोय, ते खोडा.

खारा_वारा
ससून डॉकच्या प्रसंगाला मी शून्य मार्क देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर शाकारून ठेवलेले, जाळी विणायला काढलेली, बर्फाचे कारखाने थंडावलेले. अशा वेळी आत येणारी बोट पहिल्यांदा पोलिसाला नाही, धक्क्यावरच्या कोळणीला खुपते. २६/११ चा महिना बघा : नोव्हेंबर, ऐन हंगाम, पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेली, आणि किनाऱ्याला लागताना रबरी होडी. तरीही बधवार पार्कच्या मच्छीमार वसाहतीतल्या लोकांनी त्यांना हटकलंच होतं.

भरती-ओहोटीचा तर पुस्तकात पत्ताच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते : अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. मुंबईत प्रत्यक्षात थोडं उशिराच धरायचं. पुस्तकात पौर्णिमेच्या पहाटे साडेपाचला माल खाडीत उतरतो. त्या वेळी उधाणाची ओहोटी असते, होडी चिखलात रुतून बसेल आणि माणसं गुडघाभर गाळातून पेट्या ओढतील. खलनायकाला हुशार दाखवायचा असेल तर त्याच्याकडे पंचांग द्या.

बाकी १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या आरडीएक्सचा रायगड किनाऱ्यावरचा प्रवास कोणत्याही लेखकाने आधी वाचावा. शेखाडीला माल उतरला तो तांत्रिक चमत्कारामुळे नाही. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातल्या लोकांनाही त्या खटल्यात शिक्षा झाल्या.

दुसरी_आवृत्ती
मी थोडा वेगळा सूर लावतो. टपावरची पळापळ मला चालेल. थरारकादंबरी म्हणजे आरोपपत्र नव्हे. पण वायरचा प्रसंग मलाही नको, कारण त्यात बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं कामच दिसत नाही. ते लोक वायर निवडत बसत नाहीत. परिसर रिकामा करायचा, श्वान, एक्स-रे, आणि शक्यतो लांबूनच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्रणा फोडायची. अंगातला सूट तीस-पस्तीस किलोच्या घरातला, मुंबईच्या दमटपणात माणूस थोड्याच वेळात आतून भिजून जातो. एवढ्यावर उत्तम प्रकरण लिहिता येतं.

आणि त्याहून भयंकर गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे. ३ डिसेंबर २००८ ला सीएसटीवर, हल्ल्यानंतर गोळा केलेल्या बेवारस सामानात सुमारे आठ किलो स्फोटकं सापडली. आठवडाभर ती बॅग तिथेच होती आणि शेजारून रोज लाखो लोक जात होते. टाइमरचे आकडे नाहीत, घाम नाही, कोणाला माहीतच नाही. हे एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेतून लिहिलं असतं तर आपणच 'अतिशयोक्ती' म्हणालो असतो.

किरकोळ : ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून सरकवायचा सेफ्टी कॅच नसतो. पुस्तकात तो तीनदा काढलाय.

पंचनामा
आरोपपत्र नव्हे हे मान्य, पण शेवट अटकेवर करायचा की नाही हा साहित्याचाच प्रश्न आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष सुटका केली, आणि कबुलीजबाब अविश्वसनीय ठरले हे त्यातलं एक मोठं कारण. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. कबुलीच्या सहीवर पडदा पाडणारी कादंबरी आज वाचताना ती सहीच संशयास्पद वाटते. लेखकाला ते ठाऊक असावं, एवढीच अपेक्षा.

आडवी_ओळ
भरपूर मिळालं, आभार. एकच राहिलं. कथा २०१८ ची आहे आणि 'दादर, तीन नंबर' अशी भेटीची जागा ठरते. ते तरी बरोबर आहे ना?

डबलफास्ट
बरोबर, आणि पुस्तकातली ही सगळ्यात चांगली जागा. मध्य रेल्वेवरचे फलाट आठपासून मोजायला लागले ते ९ डिसेंबर २०२३ पासून. २०१८ मध्ये दादरला तीन नंबर दोन होते, एक पश्चिमेचा, एक मध्यचा. पान उघडून बघा, पथक कोणत्या तीन नंबरवर थांबलंय ते लेखकाने सांगितलंय का?