ऑस्ट्रेलियाला पर्यटक म्हणून जाताना कागदपत्रे, आगमनाचे कार्ड आणि सामानाचे नियम

सागरकिनारा (प्रश्न):

नमस्कार. मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे आईवडील असे आम्ही पाच जण लवकरच मेलबर्नला नातेवाइकांकडे जाणार आहोत. तिथून सिडनी आणि शेवटी पर्थ पाहून परतायचे, असा बेत आहे. आम्हा सर्वांचे पासपोर्ट भारतीय असून सबक्लास ६०० चा व्हिजिटर व्हिसा मंजूर झाल्याचे पत्र ईमेलने आले आहे. पासपोर्टवर मात्र कसलाही शिक्का किंवा स्टिकर नाही, त्यामुळे आईवडिलांना थोडी धास्ती वाटते. शिवाय आईच्या पासपोर्टचे नूतनीकरण व्हिसा मंजूर झाल्यानंतर झाले, म्हणजे तिच्या पत्रावर जुनाच क्रमांक आहे. याबाबत काही करावे लागेल का?

दुसरा प्रश्न सामानाचा. आईने बेसनाचे लाडू, चिवडा, तूरडाळ, जिरे, धणे आणि सुक्या मिरच्या अशी यादी तयार ठेवली आहे. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांसमोर ‘हो’ लिहिले, तर सगळे सामान उपसून पाहतात आणि दंडही होतो, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने नेमके याच्या उलट सांगितले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पैलतीर:

व्हिसा चिकटवलेला नाही यात काळजी करण्यासारखे काही नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेला असतो आणि चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी तो आपल्या यंत्रणेत तपासूनच बोर्डिंग पास देतात. तुम्हालाही ‘व्हेवो’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर स्वतःच्या व्हिसाची स्थिती आणि अटी पाहता येतात. मंजुरीच्या पत्राची छापील प्रत मात्र प्रत्येकाजवळ असू द्यावी.

याच कारणाने आईंच्या पासपोर्टचे काम आजच हातावेगळे करा. व्हिसा जुन्या क्रमांकाशी जोडलेला असेल, तर नवा पासपोर्ट पुढे केल्यावर काउंटरवरच्या पडद्यावर व्हिसा दिसणारच नाही आणि प्रवास तिथेच थांबू शकतो. ज्या इमीअकाउंटमधून अर्ज केला, त्यातच पासपोर्टचा तपशील बदलण्याची सोय आहे. तो बदल नोंदवला गेल्याची खात्री व्हेवोवर करून घ्यावी आणि जुना पासपोर्टही सोबत ठेवावा.

मंजुरीच्या पत्रातील दोन गोष्टींची अनेकांकडून गल्लत होते, म्हणून विस्ताराने लिहितो. ‘मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर’ यासमोरची तारीख ही त्या देशात दाखल होण्याची शेवटची तारीख असते, तर मुक्काम किती दिवसांचा हे ‘लेंग्थ ऑफ स्टे’ यासमोर लिहिलेले असते आणि तो काळ प्रत्यक्ष आगमनापासून मोजला जातो. व्हिसा वर्षभराचा दिसतो म्हणून सलग वर्षभर राहता येते, असा अर्थ कोणी काढू नये. खाली क्रमांकांनी दिलेल्या अटीही वाचाव्यात. ८१०१ म्हणजे काम करण्यास मनाई, ८२०१ म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त शिक्षण घेण्यास मनाई. ८५०३ ही अट असेल, तर तिथे असताना मुक्काम वाढवण्यासाठी दुसरा व्हिसा मागणे जवळपास अशक्य होते. आईवडिलांना ‘आणखी महिनाभर राहा’ असा आग्रह होण्याची शक्यता असल्यास ही अट त्यांच्या पत्रात आहे का, ते निघण्यापूर्वीच पाहा.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध असलाच पाहिजे असा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा नियम नाही. मुक्काम संपेपर्यंत तो वैध असावा, एवढीच अपेक्षा असते. पण वाटेत सिंगापूरला थांबून शहर पाहण्याचा विचार असेल, तर तिथे सहा महिन्यांची वैधता लागते, भारतीयांना वेगळा व्हिसा लागतो आणि पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते.

अर्धा_ग्लास:

खाद्यपदार्थांचा फार बाऊ करण्याची गरज नाही. भाजी, फळे, मांस असे ताजे पदार्थ नेऊ नयेत, हे खरे. पण कंपनीची सीलबंद पाकिटे असतील, तर कार्डावर ‘नाही’ लिहावे आणि सरळ बाहेर पडावे. माझे अनेक परिचित असेच जातात आणि त्यांना कोणी थांबवलेले नाही.

निलगिरीची_सावली:

अर्धा_ग्लास यांचा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. मी मेलबर्नमध्येच राहते आणि दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणे येत असल्याने या प्रश्नाशी माझा नेहमीचा संबंध येतो.

पहिली गोष्ट म्हणजे कार्डावरचा प्रश्न ‘तुमच्याकडे निषिद्ध वस्तू आहे का’ असा नसतो. मांस, मासे, अंडी, दुग्धजन्य पदार्थ, फळे, भाज्या यांपैकी काही आहे का, आणि धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधे किंवा लाकडी वस्तू आहेत का, असे तो विचारतो. पाकीट सीलबंद आहे की नाही, याचा त्या उत्तराशी काहीही संबंध नाही. शंका असेल तर ‘हो’ वर खूण करावी, असे कार्डावरच छापलेले असते. तुम्ही ‘हो’ लिहिले आणि वस्तू निषिद्ध निघाली, तर ती काढून घेतली जाते, पण ती जाहीर केली होती म्हणून दंड होत नाही. ‘नाही’ लिहिले आणि तीच वस्तू बॅगेत सापडली, तर मात्र तो खोट्या निवेदनाचा गुन्हा ठरतो.

२०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली हा दंड ‘पेनल्टी युनिट’मध्ये मोजतात. ७ नोव्हेंबर २०२४ पासून एका युनिटची किंमत ३३० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आणि जास्त धोक्याच्या वस्तूंसाठी विमानतळावर जागच्या जागी १२ युनिटपर्यंत, म्हणजे ३,९६० डॉलरपर्यंत दंड करता येतो. २०१९ पासून याच कारणाने व्हिसा रद्द करण्याचीही तरतूद आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सिडनी विमानतळावर डुकराचे मांस आणि इतर पदार्थ न सांगता आणणाऱ्या एका व्हिएतनामी महिलेला व्हिसा रद्द करून परत पाठवण्यात आले होते.

हे लोक इतके कडक का वागतात, तेही समजून घेण्यासारखे आहे. जनावरांचा लाळ्या खुरकूत हा रोग ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आलेला नाही. भारतात तो आहे आणि त्याचा विषाणू दुधातून, मांसातून आणि बुटांना लागलेल्या मातीतूनही पसरू शकतो. म्हणूनच भारतातून येणारे पेढे, बर्फी, रसगुल्ले, पनीर, खवा हे सगळे बाद ठरते. सोबत तान्हे मूल असल्यास त्याच्या दुधाच्या पावडरीला तेवढी सवलत असते. इंडोनेशियात २०२२ मध्ये या रोगाची साथ आली, तेव्हा इथल्या विमानतळांवर प्रवाशांच्या पादत्राणांसाठी जंतुनाशकाने भिजवलेल्या चटया अंथरल्या होत्या. कार्डावर गेल्या तीस दिवसांत शेत, गुरे, जंगल किंवा नदी-तलाव यांच्याशी संपर्क आला होता का, असाही प्रश्न असतो. कोणी गावाकडे गोठ्यात जाऊन आले असेल, तर ‘हो’ लिहावे आणि बुटांचे तळ घरूनच स्वच्छ धुऊन आणावेत.

दुसरा शत्रू खापरा भुंगेरा. साठवलेल्या धान्याचा फडशा पाडणारी ही कीड ऑस्ट्रेलियात नाही आणि ती येऊ नये म्हणून प्रवाशांच्या सामानातून काही वस्तू आणण्यावर सरसकट बंदी आहे. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, वाटाणा, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या ही त्यातली ठळक नावे. सागरकिनारा, तुमच्या आईंची निम्मी यादी इथेच निकालात निघाली. कारखान्यात भाजून, तळून किंवा शिजवून पाकीटबंद केलेले पदार्थ या बंदीतून वगळलेले आहेत. तेही कार्डावर जाहीर करावेच लागतात.

आता लाडू आणि चिवडा. घरच्या लाडवात तूप आहे आणि डब्यावर ना घटकांची यादी ना उत्पादकाचे नाव, त्यामुळे ते आणण्याची आशा सोडलेली बरी. चिवड्यात तर शेंगदाण्यांच्या जोडीला कढीपत्ता असतो. लिंबूवर्गीय झाडांचा नाश करणारा रोग पसरवणारे किडे कढीपत्त्याच्या झाडावर वाढतात, म्हणून ती पाने, ताजी असोत वा वाळलेली, इथे चालत नाहीत. चिवड्यातून पाने निवडून काढत बसण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. या साऱ्या वस्तू मेलबर्नच्या भारतीय दुकानांत मिळतात. आईंना हे पटवून देणे, एवढेच काय ते अवघड काम आहे.

विमानतळावर प्रत्यक्षात काय घडते, तेही सांगते. सामान घेऊन रांगेत आलात की अधिकारी तुमचे कार्ड वाचतो आणि काय आणले आहे, असे विचारतो. जाहीर केलेल्या वस्तू एकाच पिशवीत, बॅगेत सर्वांत वर ठेवल्या असतील, तर ती पिशवी काढून दाखवायची, तो पाकिटांवरची नावे वाचतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम संपते. कधी बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात, कधी लॅब्राडॉर कुत्रे रांगेतून फिरवतात. वास लागला की ते भुंकत नाही, बॅगेपाशी येऊन निमूट बसते. विमानात मिळालेले सफरचंद वडिलांनी ‘नंतर खाऊ’ म्हणून हातपिशवीत ठेवले असेल, तर तेही त्याला कळते. अशा वस्तू टाकून देण्यासाठी तपासणीच्या आधी मोठे डबे ठेवलेले असतात, त्यांचा उपयोग करावा.

सागरकिनारा:

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आईच्या पासपोर्टचा तपशील आज बदलला. आणखी दोन शंका आहेत. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय ते एक आयुर्वेदिक चूर्णही घेतात. दुसरे असे की, भाचीसाठी आम्ही सोन्याची नवी साखळी नेणार आहोत आणि पत्नीच्या अंगावर तिचे नेहमीचे दागिने असतील. यावर कर पडेल का?

बिनघाई:

औषधांचे आधी पाहू. स्वतःच्या किंवा सोबत प्रवास करणाऱ्या कुटुंबीयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन महिने पुरतील इतकी औषधे नेता येतात. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात; वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरून नेऊ नयेत. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी असावी आणि तिच्यावर रुग्णाचे पासपोर्टप्रमाणे नाव, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असावी. कार्डावर औषधांचा उल्लेख पहिल्याच प्रश्नात, शस्त्रे आणि अमली पदार्थ यांच्या पंगतीत येतो. ते वाचून दचकून कोणी ‘नाही’ लिहू नये. चूर्णात मुळ्या, बिया किंवा पाने असल्याने ते पारंपरिक औषधांच्या प्रश्नाखालीही जाहीर करावे आणि ते स्वीकारायचे की नाही, हे अधिकाऱ्यावर सोडावे.

सोन्याबाबत असे आहे. प्रौढ प्रवाशाला ९०० आणि अठरा वर्षांखालील प्रवाशाला ४५० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात आणि भेटवस्तूही त्यातच मोजल्या जातात. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ मालकीचे आणि वापरातले दागिने या हिशेबात येत नाहीत, त्यामुळे पत्नींच्या नेहमीच्या दागिन्यांची चिंता नको. नव्या साखळीची पावती जवळ असावी. एकत्र प्रवास करणारे कुटुंब आपापल्या सवलती एकत्र मोजू शकते. तुम्ही चार प्रौढ आणि एक मूल, म्हणजे एकूण ४,०५० डॉलर होतात. मात्र मर्यादा ओलांडली, तर कर केवळ वरच्या रकमेवर नाही, त्या प्रकारच्या सर्व वस्तूंवर लागतो. मद्याची मर्यादा प्रत्येक प्रौढामागे २.२५ लिटर आणि सिगारेटची जेमतेम २५ आहे.

रोख रकमेला कमाल मर्यादा नाही. पण कोणत्याही चलनात १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम असेल, तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे.

निलगिरीची_सावली:

पर्थचा उल्लेख राहून गेला होता. देशांतर्गत विमानाने जाताना कसली तपासणी नसते, अशी समजूत असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात ती चालत नाही. इतर राज्यांतून तिथे ताजी फळे, भाज्या आणि मध नेता येत नाही आणि पर्थला उतरल्यावर त्यासाठी वेगळी तपासणी असते. सिडनीत घेतलेली फळे सिडनीतच संपवा.

तुम्ही पर्थहूनच परतणार असल्यास खरेदीवरील कराचा परतावाही तिथेच घ्यावा लागेल. एकाच विक्रेत्याकडून एकूण ३०० डॉलर किंवा अधिक किमतीचा माल, निघण्यापूर्वीच्या ६० दिवसांत घेतलेला असावा आणि त्याचे कर-बिल जवळ असावे. बिल १,००० डॉलर किंवा त्याहून मोठे असेल, तर त्यावर खरेदीदाराची ओळखही हवी. दहा टक्के जीएसटी किमतीतच धरलेला असल्याने एकूण रकमेचा अकरावा भाग परत मिळतो. ५५० डॉलरच्या वस्तूवर ५० डॉलर. वस्तू अंगावर किंवा हातसामानात असली पाहिजे आणि दावा विमान सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी करायला हवा. हातसामानात नेता न येणारी मोठी वस्तू किंवा द्रवपदार्थ असेल, तर बॅग चेक-इन करण्यापूर्वीच सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून घ्या. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की तो दावा करता येत नाही.