मेशटॅस्टिक : मुख्य चॅनलचे नाव बदलल्यापासून परिसरातील नोड दिसत नाहीत, राउटर भूमिका आणि हॉप लिमिट यांबाबतही शंका

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे मेशटॅस्टिक (मोबाइल नेटवर्कशिवाय एकमेकांचे संदेश रेडिओवरून पुढे पोहोचवणाऱ्या जाळ्याचे, म्हणजे मेशचे, सॉफ्टवेअर) चालणारी तीन लोरा (कमी विजेत लांब पल्ला गाठणाऱ्या रेडिओ तंत्राची) उपकरणे आहेत. एक गच्चीवरच्या खांबावर कायमचे बसवले आहे, दुसरे घरात टेबलावर असते आणि तिसरे बाहेर पडताना सोबत असते. सुरुवातीला केवळ रीजन (देशानुसारचा वारंवारिता-पट्टा) निवडून बाकी सर्व सेटिंग मूळ स्थितीत ठेवली होती, तेव्हा परिसरातील बरेच अनोळखी नोड (जाळ्यातली इतर उपकरणे) यादीत दिसत असत. नंतर आमचे बोलणे खासगी राहावे म्हणून मुख्य चॅनलला वेगळे नाव आणि नवी की (संदेश कूटबद्ध करणारी किल्ली) दिली, पल्ला वाढावा म्हणून हॉप लिमिट (संदेश किती टप्प्यांपर्यंत पुढे पाठवला जावा ती मर्यादा) ७ केली आणि तिन्ही उपकरणांची भूमिका राउटर ठेवली. तेव्हापासून माझी उपकरणे एकमेकांशी बोलतात, परंतु बाकीचे नोड पूर्णपणे दिसेनासे झाले आहेत आणि सोबतच्या उपकरणावरून पाठवलेले संदेश पूर्वीपेक्षा कमी अंतरावरच अडकतात. की बदलल्यामुळे इतरांना माझे संदेश वाचता येणार नाहीत हे समजते, पण ते नोड मला दिसूही नयेत असे का व्हावे? मूळच्या लाँगफास्टऐवजी लाँगस्लो हा प्रीसेट (रेडिओचा वेग आणि पल्ला ठरवणारा तयार संच) घेतल्यास उपयोग होईल का?

खांबदोर

नोड नाहीसे होण्याचे कारण बहुधा की नसून नाव आहे. लोरा सेटिंगमध्ये फ्रीक्वेन्सी स्लॉट (पट्ट्यातल्या नेमक्या वारंवारितेचा क्रमांक) ० असेल, आणि मूळ स्थितीत तो ० च असतो, तर फर्मवेअर (उपकरणातले सॉफ्टवेअर) मुख्य चॅनलच्या नावावरून गणित करून स्लॉट ठरवते. नाव बदलले की बहुतेक वेळा स्लॉट बदलतो, म्हणजे रेडिओ प्रत्यक्षात दुसऱ्याच वारंवारितेवर जाऊन बसतो आणि परिसरातील लाँगफास्टवरचे नोड त्याला ऐकूच येत नाहीत. २५० किलोहर्ट्झ बँडविड्थला (एका स्लॉटच्या रुंदीला) आपल्याकडच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८ स्लॉट बसतात, अमेरिकेतील ९०२ ते ९२८ च्या पट्ट्यात १०४ बसतात, तर युरोपातील ८६९.४ ते ८६९.६५ च्या पट्ट्यात एकच बसतो. त्यामुळे तिकडच्या वापरकर्त्यांना हा अनुभव येतच नाही आणि ‘नाव काहीही ठेवा, फरक पडत नाही’ हा त्यांचा सल्ला तिकडे खराही असतो. आपल्या रीजनमध्ये तो लागू पडतोच असे नाही.

यावर सरळ उपाय असा की, मुख्य चॅनल, म्हणजे क्रमांक ० चा, पुन्हा मूळ नाव आणि मूळ की यांवर आणावा आणि आपला खासगी चॅनल दुय्यम म्हणून क्रमांक १ वर जोडावा. एका उपकरणावर एकूण ८ चॅनल ठेवता येतात. स्लॉट मुख्य चॅनलवरून ठरत असल्याने आपण सर्वांच्याच वारंवारितेवर राहता, आणि ज्या नोडकडे आपली की नाही तेही आपली पॅकेट (रेडिओवरून जाणारे संदेशाचे गठ्ठे) न उलगडता जशीच्या तशी पुढे पाठवतात, कारण पुनःप्रसारणाची मूळ सेटिंग तशीच असते. म्हणजे गुप्तताही राहते आणि इतरांच्या अँटेनांचा लाभही मिळतो. मुख्य चॅनल खासगीच ठेवायचा असेल, तर आजूबाजूचे नोड ज्या स्लॉटवर आहेत तो क्रमांक हाताने भरावा. मात्र मूळ की जगजाहीर असल्यामुळे सार्वजनिक मुख्य चॅनलवर स्थानाची अचूकता कमी ठेवायला विसरू नये.

लाँगस्लोबद्दल माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. एक तर वेगळ्या प्रीसेटचे नोड एकमेकांना ऐकू शकत नाहीत, म्हणजे सुटलेला प्रश्न पुन्हा उभा राहील. दुसरे म्हणजे हवेतला वेळ. साधारण ६६ बाइटांचे पॅकेट लाँगफास्टवर पाऊण सेकंदाच्या आत जाते, तर लाँगस्लोवर त्याच पॅकेटला साडेचार सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ त्या टापूतल्या प्रत्येकाला गप्प बसावे लागते. त्या बदल्यात मिळणारी थोड्या डेसिबलांची संवेदनशीलता अँटेना चार हात वर नेऊनही पुष्कळदा मिळते. त्यात आपण मराठीत लिहिता. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते, म्हणून सुमारे २०० बाइटांच्या मर्यादेत जेमतेम ६५-७० चिन्हे मावतात आणि छोट्या वाटणाऱ्या वाक्याचेही पॅकेट मोठेच निघते.

उलटटपाल

वरील उत्तराशी सहमत आहे. भूमिकेचा मुद्दा राहिला आहे, आणि संदेश कमी अंतरावर अडकण्याचे मूळ मला तिथेच दिसते.

मेशटॅस्टिकमध्ये पॅकेट ऐकणारा प्रत्येक नोड ते लगेच पुढे पाठवत नाही. आधी थोडा थांबतो. ज्याला सिग्नल क्षीण ऐकू आला, म्हणजे जो बहुधा दूर आहे, त्याची पाळी आधी येते, आणि त्याने पाठवलेले ऐकले की जवळचे क्लायंट (मूळ, साध्या भूमिकेतले नोड) आपला बेत रद्द करतात. अशा रीतीने प्रत्येक हॉपमध्ये पॅकेट जास्तीत जास्त लांब उडी घेते. राउटर या व्यवस्थेतील विशेषाधिकारी आहे : तो इतरांच्या आधी बोलतो आणि दुसऱ्याने पाठवलेले ऐकले तरी थांबत नाही. उंच टेकडीवर किंवा मनोऱ्यावर हा विशेषाधिकार योग्यच आहे. पण आपला टेबलावरचा राउटर खांबावरच्या उपकरणाकडून आलेले पॅकेट सर्वांत आधी, चार भिंतींच्या आतून पुन्हा पाठवतो. त्यात एक हॉप खर्च होतो आणि ते ऐकून शेजारचा एखादा चांगल्या जागी असलेला क्लायंट गप्प बसतो. अंतर मात्र काही कापले जात नाही.

म्हणून सोबतचे उपकरण क्लायंट ठेवावे आणि टेबलावरचे क्लायंट म्यूट करावे, म्हणजे ते स्वतःचे संदेश पाठवील व घेईल, पण इतरांचे पुढे ढकलणार नाही. गच्चीवरचेसुद्धा क्लायंटच असू द्यावे. गच्ची आपल्याला उंच वाटते, परंतु मेशच्या दृष्टीने ती क्वचितच उंच असते. एखादी वस्ती उंचवट्यामागे पूर्ण झाकली जात असेल आणि तिथे पोहोचवणारा दुसरा कोणीच नसेल, तर राउटर लेट ही भूमिका आहे. ती नेहमी पुढे पाठवते, पण इतरांचे आटोपल्यावर.

हॉप लिमिट मूळच्या ३ वर आणावी. नदीकाठाने किंवा घाटरस्त्याने एकामागे एक असे मोजकेच नोड पसरले असतील, तर ५ करण्यास माझी हरकत नाही. दाट मेशमध्ये मात्र ७ मुळे लांबच्या लोकांचा चॅनल-वापर (रेडिओमार्ग किती टक्के वेळ व्यापलेला असतो तो आकडा) तेवढा वाढतो. हा आकडा २५ टक्क्यांवर गेला की फर्मवेअर स्थान आणि टेलिमेट्री (बॅटरी वगैरेंची आकडेवारी) यांसारखी नित्याची पॅकेट आपणहून मागे ठेवू लागते.

बदल केल्यावर अंदाजावर न राहता ट्रेसरूट (संदेश कोणकोणत्या नोडमधून गेला ते दाखवणारी चाचणी) चालवून पाहावे. त्यात प्रत्येक टप्प्याचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) दिसतो. लाँगफास्टचा स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती पसरवून पाठवला जातो तो आकडा) ११ असून त्यावर सुमारे उणे १७.५ डेसिबलपर्यंत पॅकेट उलगडते. उणे १२ दिसले तर दुवा टिकाऊ आहे, उणे १७ दिसले तर तो हवामानाच्या भरवशावर आहे.

पाऊलवाट

दोघांचेही आभार. टेबलावरचे आणि सोबतचे उपकरण सांगितल्याप्रमाणे बदलले आणि मुख्य चॅनल मूळ नावावर येताच त्या दोन्हींवर जुने नोड पुन्हा दिसू लागले. आता अडचण अशी की, खांबावरचे उपकरण जुन्याच चॅनलवर राहिले असून मला ऐकू येत नाही, आणि दरवेळी ब्लूटूथच्या पल्ल्यात जाण्यासाठी गच्चीवर शिडी लावणे शक्य नाही. ते दुरून बदलता येते का?

खांबदोर

येते, पण पूर्वतयारी एकदा जवळ जाऊनच करावी लागते. टेबलावरच्या उपकरणाच्या सुरक्षा विभागातील सार्वजनिक की (प्रत्येक उपकरणाच्या सार्वजनिक-खासगी की-जोडीतली उघड करता येणारी) उचलून खांबावरच्या उपकरणाच्या ॲडमिन की (दुरून आज्ञा देण्याचा अधिकार कोणाला ते ठरवणाऱ्या) या रकान्यात भरावी. फर्मवेअर २.५ पासून ही सोय आहे आणि अशा ३ की ठेवता येतात. खांबावरच्या उपकरणाची खासगी की कुठेतरी जपून ठेवावी, कारण उपकरण पूर्ण पुसले की नवी की तयार होते आणि ओळखीचे नोड जुन्या कीवरच अडून बसल्याने थेट संदेश जाईनासे होतात.

यापुढे दुरून प्रीसेट, स्लॉट किंवा मुख्य चॅनल बदलायचा असेल, तेव्हा आधी लांबचे उपकरण बदलावे आणि मग हातातले. आधी हातातले बदलले तर लांबच्यापर्यंत आज्ञा पोहोचवायला मार्गच उरत नाही, आणि आत्ता नेमके तेच झाले आहे. सेटिंग जतन होताच उपकरण पुन्हा सुरू होते, तेव्हा मिनिटभर उत्तर आले नाही म्हणून तीच आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवू नये. रीजन मात्र दुरून बदलूच नये. सध्यापुरते सोबतच्या उपकरणावर मुख्य चॅनलचे जुने नाव आणि जुनी की पुन्हा भरून पाहावी. संपर्क होईल, पण ॲडमिन की आधी भरलेली नसल्यामुळे खांबावरचे उपकरण आपली आज्ञा स्वीकारणार नाही. शिडी या वेळेपुरती लावावीच लागेल. वर जाल तेव्हा अँटेनाचा सांधा घट्ट आहे ना तेही पाहावे, आणि अँटेना काढावी लागलीच तर आधी वीज बंद करावी.