तातडीने मदत हवी: ऑनलाइन वर्गात कोणी तोंडच उघडत नाही

तळमजला:
अडचणी कल्पकतेने कशा सोडवायच्या, यावर मोठ्या माणसांसाठी ६ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतोय. मेणबत्तीचं कोडं (टाचण्यांच्या खोक्याच्या मदतीने मेणबत्ती भिंतीला लावा), नऊ ठिपके (चार सरळ रेषांत जोडा), सहा टोप्या (एकाच प्रश्नाकडे सहा बाजूंनी बघा), सगळं करून झालं. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून सुचेल ते बोला, म्हटलं की सगळे म्यूट. शुक्रवारी तिसरा वर्ग. काय बदलू? तात्त्विक चर्चा नको, वेळ नाही.

आंबटगोड:
विद्यार्थी कोण? मोबाइलवर की लॅपटॉपवर? स्वतःहून आलेत की पाठवलेत?

तळमजला:
चाकणच्या कारखान्यातले सुपरवायझर. शिफ्ट सुटल्यावर, मोबाइलवरून. पुढे?

निवृत्त_फिटर:
दिवसभर लाइनवर उभं राहिलेला माणूस रात्री मेणबत्ती कशाला चिकटवेल? सरळ ट्रिझ शिकवा, तांत्रिक अडचणी सोडवायची पद्धत. सोव्हिएत इंजिनिअर आल्टशुलरने ढीगभर पेटंटं चाळून ४० तत्त्वं काढली. 'आधीच करून ठेवा' हे त्यातलंच. प्रेस थांबायच्या आत पुढची डाय (साचा) ट्रॉलीवर तयार! आमचा डाय बदलायचा वेळ निम्म्यावर आला होता.

खटपट्या:
४० तत्त्वं मोबाइलवर? झोपतील. टोयोटासारखं, अडचणीचं मूळ सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायला लावा.

निवृत्त_फिटर:
आमच्याकडे पाचवा 'का' नेहमी कंत्राटी कामगारापाशी येऊन थांबायचा. नवीन काही सुचलेलं बघितलं नाही.

ध्वनिमित्र:
कॉलर माइक घ्या. लॅपटॉपचा माइक म्हणजे विहिरीतून बोलल्यासारखं.

आंबटगोड:
@तळमजला, वर्गात त्यांचे साहेब असतात का?

तळमजला:
दोन मॅनेजर असतात, कोर्स त्यांनीच ठेवलाय. त्याचा काय संबंध?

आंबटगोड:
अहो, मग कोण बोलणार! ब्रेनस्टॉर्मिंगवाल्या ऑस्बॉर्नचाच नियम आहे, कल्पना निघत असताना टीका नको. साहेब नुसते दिसले तरी टीका झालीच. शिवाय १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तपासलं होतं: चौघांना एकत्र बसवण्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. तेव्हा आधी दहा मिनिटं ज्याने त्याने लिहायचं, फॉर्मवर, नावाशिवाय. कोडं नको, त्यांच्याच लाइनवरची अडचण घ्या. साहेब शेवटच्या पंधरा मिनिटांत.

तळमजला:
साहेबांना 'बाहेर थांबा' मी सांगू? बिल पास व्हायचंय अजून.

आंबटगोड:
सांगू नका. झूमवर ब्रेकआउट रूम (छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या) करून दोन्ही साहेबांना एकाच खोलीत टाका, तीच अडचण द्या.

खटपट्या:
आणि 'स्वतः खोली निवडा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर फिरत बसतील.

ध्वनिमित्र:
माइकचं काय ठरलं?