कळतं, पण कळवळत नाही: प्रतिभा, करुणा आणि सायकोपॅथ

(चर्चामंचावरचे प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

आमच्या वाचनगटात गीतेचा सोळावा अध्याय चालू आहे. आसुरी संपत्तीचं, म्हणजे दुष्ट स्वभावगुणांचं वर्णन आलं की कुणीतरी म्हणतंच, 'हा तर सायकोपॅथ!' हे समीकरण बरोबर आहे का? दुसरं असं, की कलेचं मूळ संवेदनशीलतेत मानलं, तर ज्याला दुसऱ्याचं दुःख भिडतच नाही तो माणूस इतकं सुंदर कसा बोलतो, लिहितो, गातो? आणि मैत्रीभावनेच्या साधनेत, म्हणजे इतरांचं भलं चिंतण्याच्या ध्यानात, अशा माणसाला धरायचं की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तळटीप

आधी एक गोंधळ दूर करू. सायकोपॅथ म्हणजे भ्रमिष्ट नव्हे. भास आणि भ्रम होतात तो सायकोसिस. सायकोपॅथचं वास्तवाचं भान पक्कं असतं; उणीव असते ती दुसऱ्याविषयीच्या कळवळ्याची आणि पश्चात्तापाची. मोजमापासाठी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची 20 मुद्द्यांची यादी वापरतात. दर मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 40. उत्तर अमेरिकेत 30 ही रेषा धरतात, युरोपात बऱ्याचदा 25. हे गुण प्रशिक्षित तज्ज्ञ देतो, तेही लांबलचक मुलाखत आणि जुनी कागदपत्रं ताडून पाहिल्यावर. कागदपत्रं वगळली की निदान चुकण्याचा धोका वाढतो, कारण समोरचा मुलाखतीत उत्तम छाप पाडतो. म्हणून साहेबावर किंवा जावेवर हा शिक्का घरबसल्या मारू नये.

आता मुख्य गोष्ट. आपण 'सहानुभूती' म्हणतो त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत: दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळणं, आणि ते पाहून आपल्या आत कळवळणं. सायकोपॅथला पहिली बऱ्यापैकी येते, दुसरी आपसूक होत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2013 मध्ये हे फार नेमकं दाखवलं. सायकोपॅथ कैद्यांना हातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या: एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, दुखावतो, झिडकारतो. नुसतं बघायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी होता. 'त्या हाताला काय वाटतंय ते अनुभवायचा प्रयत्न करा' असं सांगितल्यावर फरक बराच घटला. म्हणजे क्षमता होती, ओढ नव्हती. तुकोबांची कसोटी नेमकी इथेच लागते: 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती'. सायकोपॅथलाही समजून घेता येतं, पण बहुधा लाभ असेल तेव्हाच.

गीतेतली यादी जुळते ती दंभ, दर्प (माज), पारुष्य (कठोरपणा) इथपर्यंत. 'असौ मया हतः शत्रुः' ('हा शत्रू मी मारला') हा श्लोक वाचून तर अंगावर काटा येतो. पण त्याच अध्यायातला अकरावा श्लोक पाहा: आसुरी माणूस मरेपर्यंत न संपणाऱ्या चिंतेत गुरफटलेला असतो. सायकोपॅथीच्या अभिजात वर्णनात उलट आहे, भीती आणि चिंता दोन्ही कमी. त्यामुळे समीकरण टिकत नाही. माझ्या मते तो अध्याय शेजाऱ्याला तपासायला नाही, स्वतःला तपासायला आहे.

नादलय

कलेच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या काव्यशास्त्रात आहे. काव्यमीमांसक अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत प्रतिभेची व्याख्या करतात: 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी'. नवनवे उन्मेष फुटणारी बुद्धी. या व्याख्येत करुणा नाही. ती येते 'सहृदय' या शब्दात, म्हणजे रसिकाच्या मनाच्या आरशात. क्रौंच पक्ष्याचा वध पाहून वाल्मीकी मुनींच्या शोकाचा श्लोक झाला, हे उदाहरण सगळे देतात, पण अभिनवगुप्तांची पुढची सूचना सुटते: श्लोक झाला तो शोक मुनींचा खाजगी शोक समजू नका. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ असते तर काव्य झालंच नसतं. दुःख पूर्ण भिडलंय, पण 'माझं' म्हणून चिकटलेलं नाही. कलावंताचं अंतर हे असं असतं. सायकोपॅथही दूर दिसतो, पण त्याला मुळात काही भिडलेलंच नसतं. बाहेरून दोन्ही शांतच वाटतात, म्हणून फसगत होते.

1962 मध्ये दोन संशोधकांनी लिहिलं होतं की सायकोपॅथला गाण्याचे शब्द येतात, संगीत येत नाही. 1991 च्या एका प्रयोगात पडद्यावर अक्षरं दाखवून 'हा खरा शब्द आहे का' एवढंच विचारलं. सामान्य माणूस 'कागद'सारख्या शब्दापेक्षा 'मृत्यू'सारखा शब्द पटकन ओळखतो. सायकोपॅथ कैद्यांच्या बाबतीत तो फायदा दिसला नाही.

म्हणून बुवा असो की कलाकार, मंचावरचे अश्रू पाहून काही ठरवू नका. ज्याच्याकडून काहीच मिळायचं नाही त्याच्याशी तो कसा वागतो ते बघा. मैफल रंगात असताना मागे बसलेल्या शिष्याच्या तंबोऱ्याची तार उतरते. एक गायक मान वळवतो, डोळ्यांनी धीर देतो, तार लागेपर्यंत आलाप लांबवतो. दुसरा त्याच क्षणी श्रोत्यांकडे बघून त्या पोराचं हसं करतो. असा एक प्रसंग कुणाचाही वाईट दिवस असू शकतो. वर्षानुवर्षं तेच दिसलं तर मात्र नोंद घ्यावी. माफी मागताना वाक्याचा कर्ता कोण आहे तेही ऐका. 'मला किती त्रास झाला' यावरच माफी संपत असेल तर ती माफी नव्हे.

उंबरठा

तुम्हा दोघांचेही आभार. मग अशा माणसाला सत्संगात आणून, मन मोकळं करायला लावून फरक पडेल का?

पाणवठा

इथे फार जपून. कॅनडात ओंटारियोमधल्या ओक रिज या मनोरुग्णालयात 1960-70 च्या दशकांत गुन्हेगारांसाठी तीव्र गटोपचार झाले. 1992 मध्ये पाठपुरावा प्रसिद्ध झाला: उपचार घेतलेल्या सायकोपॅथ व्यक्तींनी, उपचार न घेतलेल्या तशाच व्यक्तींपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. संशोधकांचा अंदाज असा, की दुसऱ्याची भावना ओळखण्याचं कौशल्य वाढलं आणि तेच हत्यार झालं. सत्संगातही तोच धोका आहे. लोक आपली जखम उघडी करतात आणि तो ती लक्षात ठेवतो. त्याच्या हाती पैसे, किल्ल्या, तरुण साधकांची जबाबदारी द्यायची नाही. हिशेब दोघांच्या सहीने, भेटी उघड्या दाराच्या खोलीत.

साधनेसाठी पतंजलींचं सूत्र 1.33 घ्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता (आनंद) आणि अपुण्याविषयी उपेक्षा. उपेक्षा म्हणजे तुच्छता नव्हे, त्यात न गुंतणं. मैत्रीभावनेचा क्रम बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी दिलाय: आधी स्वतः, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, शेवटी वैरी. वीस मिनिटं बसणार असाल तर पहिल्या तिघांना पाच-पाच मिनिटं द्या, आणि हे काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय चौथ्याला हात घालू नका. बहुतेकांची चूक हीच, की थेट त्या माणसापासून सुरुवात करतात. मग जुने प्रसंग डोळ्यांपुढे फिरू लागतात, श्वास वर चढतो, आणि साधना म्हणून राग घोटला जातो. असं झालं की लगेच तटस्थ व्यक्तीवर परत या.

वाक्यही बदला. 'तो सुखी होवो' जमत नसेल तर 'त्याच्या हातून कुणाचं वाईट न होवो' म्हणा. पसायदानात 'खळांची व्यंकटी सांडो' आहे. खळांचा वाकडेपणा जावो, त्यांची सत्कर्माची आवड वाढो असं मागितलंय; त्यांना आपल्या घरात घ्या असं नाही. आणि तुकोबांच्या दयेत 'निर्दळण कंटकांचें' (दुष्टांचा बंदोबस्त) सुद्धा आहे. घरात मारहाण चालू असेल तर साधना नंतर. आधी सुरक्षित जागा, कागदपत्रांच्या प्रती, महिलांसाठी हेल्पलाइन 181; मनावरचा ताण असह्य झाला तर टेली मानस ही हेल्पलाइन 14416.

तळटीप

पाणवठा यांच्या मुद्द्याला एक पुस्ती. ओक रिज वाचून 'काही उपयोगच नाही' असा अर्थ काढू नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत. लहान मुलाला सायकोपॅथ म्हणत नाहीत. पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याची फिकीर नसणं, कामगिरीची पर्वा नसणं, भावना उथळ असणं, या चारांतली दोन लक्षणं किमान 12 महिने आणि घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली तर बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. अशा मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो, चांगल्या वागण्याला लगेच मिळणाऱ्या बक्षिसाचा आणि मायेचा जास्त. 'तुझ्यामुळे ती रडली' हे दहादा ऐकवण्यापेक्षा, बहिणीला स्वतःहून खाऊ दिला त्याच मिनिटाला शाबासकी द्या.