कालव्यातून राजा निघाला, की राजा येऊन कालव्यावर बसला?

पाटकरी

कार्ल विटफोगेल या अभ्यासकाने १९५७ साली मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या नदीचं पाणी शेतात न्यायचं तर हजारो माणसं एका वेळी कामाला जुंपावी लागतात. त्यांची मोजदाद ठेवायला कारकून लागतात आणि कारकुनांवर हुकूम सोडायला कुणीतरी लागतो. म्हणून इजिप्त, मेसोपोटेमिया, चीन इथे निरंकुश राजेशाही उभी राहिली.

वाचायला झकास, पण मला पटत नाही. कालवा खोदणं हे एकदाचं काम. खरी कटकट त्यानंतरची. दर वर्षी गाळ काढा, फुटलेला भराव बांधा, पाळ्या लावा, आणि मध्यरात्री कुणी दार उचलून दुसऱ्याचं पाणी वळवलं तर त्याला जाब विचारा. हे राजधानीत बसून होत नाही.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाणीपंचायत बसते. न्याय देणारे स्वतः शेतकरी, आपापल्या कालव्यावरच्यांनी निवडून दिलेले. सगळं तोंडी, वकील नाही. ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्या कालव्याचा प्रतिनिधी निवाड्यातून बाजूला राहतो. सुलतान गेले, राजे गेले, हुकूमशहाही गेला, पंचायत बसतेच आहे. पाण्याला राजा लागतोच, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

शंकासुर

असहमत. आठ कालव्यांची पंचायत दाखवून तुम्ही साम्राज्यांचा प्रश्न उडवून लावताय.

चीनमधलं दूजियांगयान घ्या. इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंगने मिन नदीवर हे काम केलं. नदीत धरण नाही. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाह दोन भागांत फोडला, आणि आतला फाटा डोंगर कापून मैदानात नेला. डोंगर कापायला सुरुंग नव्हते. खडक आगीने तापवायचा, त्यावर पाणी ओतायचं आणि तडकला की फोडायचा. हे काम गावकीच्या बैठकीतून होतं का? ली बिंग छिन राज्याने नेमलेला अधिकारी होता. त्या पाण्यावर पिकलेल्या धान्याने छिनचं सैन्य पोसलं, आणि पुढच्या ३५ वर्षांत, इ.स.पू. २२१ मध्ये, सगळा चीन छिनच्या मुठीत आला.

शिवाय बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातली कलमं वाचा. ज्याने आळस करून आपला बांध राखला नाही आणि त्यामुळे शेजाऱ्यांची शेतं बुडाली, त्याने धान्य भरून द्यायचं. नसेल देता येत तर त्यालाच विकायचं! यामागे दंडुका नाही असं म्हणायचंय का?

पाटकरी

@शंकासुर, दोन्ही उदाहरणं माझ्याच पारड्यात पडतात की हो! छिन राज्य कालव्याच्या आधीपासून होतं. राज्याने कालवा काढला, कालव्यातून राज्य निघालं नाही. आणि हम्मुराबीचं कलम पुढे वाचा: विकून आलेला पैसा राजाच्या तिजोरीत जात नाही, ज्यांचं धान्य बुडालं ते वाटून घेतात. बांध ज्याचा त्याने राखायचा. मला तर यात गावकीचा जुना नियम राजाने आपल्या शिळेवर कोरलेला दिसतो. (हा माझा तर्क, पुरावा मागू नका.)

इजिप्तमध्येही नाईलचा पूर आपणहून यायचा. तो भरावांनी आखलेल्या खाचरांत अडवायचा, माती भिजली की पुढे सोडून द्यायचा. ही खाचरं सांभाळायची कामं जागच्या जागी होत. राजाचे लोक पुराची उंची मोजून सारा ठरवायला मात्र वेळेवर हजर!

टेलची

तुम्ही दोघंही मुखापाशी उभे राहून भांडताय. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, येऊन बघा जरा.

प्रश्न साधा आहे. पाणी आधी वरच्याच्या शेतात येतं. त्याने खालच्यासाठी ते का सोडावं? चांगुलपणा म्हणून कुणी सोडत नाही. तो सोडतो ते त्याला खालच्याची गरज असते म्हणून.

नेपाळमधल्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या पाटांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला (ऑस्ट्रमना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). डोंगरातल्या ओढ्यावर दगड, फांद्या, चिखल यांचा बंधारा. पावसाळ्यात तो वाहून जाणार हे ठरलेलं. मग पुन्हा बांधायला वरचे-खालचे सगळे लागतात, आणि खालच्यांनी फावडं उचलावं तर त्यांना पाणी मिळायला हवं. सरकारने मदत म्हणून काँक्रीटचा पक्का बंधारा बांधून दिला, की वरच्यांना खालच्यांच्या हातांची गरजच उरत नाही. शेतकऱ्यांच्या कच्च्या पाटांवर टेलला पाणी बरं पोचायचं, सरकारी पक्क्या कालव्यांवर तितकं नाही. मला हे वाचून हसू आलं आणि रागही.

बालीत हेच वेगळ्या रूपात. तिथे पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळांना सुबाक म्हणतात, आणि लावणीच्या तारखा पाण्याच्या देवळांच्या साखळीतून ठरतात. वरचा पाणी सोडतो, कारण खालच्याची लावणी त्याच सुमारास झाली नाही तर कीड या शेतातून त्या शेतात फिरत राहते. सगळी शेतं एकदम मोकळी राहिली तर किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात नवं बियाणं आलं, 'जमेल तितक्या वेळा पीक घ्या' असा आदेश आला. तारखा विस्कटल्या आणि तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं खाल्ली. पुढे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर प्रारूप मांडून दाखवलं, की देवळांची जुनी व्यवस्था उत्पन्नालाही चांगली होती.

म्हणून राजा होता की नव्हता याने मला फारसा फरक पडत नाही. वरच्याला खालच्याची गरज आहे का, एवढंच सांगा.

उनाड

+१. टेलला पाणी आणि वरातीत मागच्याला जेवण, दोन्ही शेवटी काय उरलं त्यावर!

खारवट

मिठाबद्दल कुणीच बोललं नाही. दक्षिण मेसोपोटेमियात पाणी भरपूर दिलं, निचरा नव्हता. भूजल वर चढलं, पाणी उन्हाने उडालं, क्षार मातीत राहिले. तिथे गहू मागे पडून बार्ली वाढली, कारण बार्ली खारटपणा जास्त सोसते, असं १९५८ साली जेकबसन आणि अ‍ॅडम्स यांनी मांडलं. यावर नंतर बराच वाद झाला. पण क्षार वर येण्याची ती रीत आजही तशीच आहे.

आणि सत्तेने पाणी हातात घेतलं की काय होतं ते मध्य आशियातल्या अरल समुद्रावर दिसलं. १९६० साली जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. आमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं, आता तळाच्या खाऱ्या धुळीत बोटी रुतल्यात.

शंकासुर

@टेलची, मुद्दा मान्य, अर्धा. कच्चा बंधारा वाहून जातो म्हणून माणसं एकत्र राहतात, हे छान. पण म्हणून काय बंधारे कच्चेच ठेवायचे? आणि पंपाचं काय? इराणातल्या कनातींचं (जमिनीखालून भूजल आणणाऱ्या बोगद्यांचं) पाणी वाटायला तळाला भोक पाडलेलं भांडं पाण्यावर ठेवत, अगदी घटिकापात्रासारखं. ते किती वेळा बुडालं त्यावर पाळी ठरायची. मग खोल विहिरी आणि पंप आले, भूजल खाली गेलं, कित्येक कनाती कोरड्या पडल्या. पंपवाल्याला ना वरच्याची गरज, ना खालच्याची. तिथे माझा दंडुकेवाला राजा नको असेल, तर दुसरं कोण?

टेलची

पक्का बांधा की. फक्त बांधण्याआधी टेलवाल्यांना बैठकीत बसवा आणि चावी कोणाकडे राहणार ते तेव्हाच लिहून घ्या. पंपाचं उत्तर माझ्याकडे नाही. जमिनीखाली वरचा कोण आणि खालचा कोण हेच दिसत नाही, तर भांडायचं कुणाशी?