सेडानला हलके अलॉय: फोर्ज्ड घेऊ की फ्लो फॉर्म्ड?

चाकवेडा
मंडळी, मदत हवीय. माझी सेडान 18 इंची अलॉयवर आहे, 8J (म्हणजे रुंदी 8 इंच), ऑफसेट 45 (चाकाची बोल्टने बसणारी बाजू मध्यापासून 45 मिमी बाहेरच्या अंगाला), पीसीडी 5×112 (112 मिमीच्या वर्तुळावर 5 बोल्ट), टायर 225/45 (रुंदी 225 मिमी, साइडवॉलची उंची तिच्या 45 टक्के). टायर काढून नुसतं चाक काट्यावर ठेवलं तर साडेबारा किलो भरलं, त्यामुळे हलके टाकायचेत हे नक्की. पण दुकानदार म्हणतो 8.5J ऑफसेट 35 घ्या, स्टान्स (चाकं बाहेर आल्याचा लूक) भारी दिसतो आणि फ्लो फॉर्म्ड म्हणजे फोर्ज्डच समजा. खरंय का हे? मला दिसण्याचं एवढं नाही, गाडी वळणात चपळ वाटायला हवी आणि खड्ड्यात चाक वाकायला नको.

तिसरा_गिअर
फोर्ज्डच समजा कसं काय? फ्लो फॉर्म्ड हे ओतलेलंच चाक, फक्त त्याचं बॅरल, म्हणजे टायर बसतो तो गोल भाग, गरम करून रोलरने दाबत ताणतात, त्यामुळे तो पातळ असूनही मजबूत होतो. मधले स्पोक मात्र कास्टच राहतात. फोर्ज्डमध्ये अॅल्युमिनियमचा भरीव ठोकळा प्रेसखाली दाबून आकार देतात, जपानी कंपनी रेजचं टीई37 चाक 1996 पासून तसंच बनतंय. तरी तुला फ्लो फॉर्म्ड पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत, कारण वजन मधल्यापेक्षा कडेला जास्त नडतं आणि ते तिथेच कमी होतं.

आता फायदा किती ते बघ. चाकामागे 3 किलो वाचले तर चारांचे 12. चाक फिरतंही म्हणून कडेचा एक किलो पिकअपच्या हिशोबात दीड किलोसारखा वागतो, म्हणजे धर 18 किलो. 1600 किलोच्या गाडीत हे जेमतेम एक टक्का, पिकअपमध्ये कळणारही नाही. पण एका कोपऱ्यात स्प्रिंगच्या खालचं वजन टायर, ब्रेक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरून 40 किलोच्या आसपास असेल तर त्यातले 3 किलो म्हणजे सात-आठ टक्के! खराब रस्त्यावर वळताना चाक उसळून परत पटकन रस्त्याला चिकटतं, ते यामुळे. आणि टायरचंही वजन विचार, तो तर रिमच्याही बाहेर फिरतो, जड टायर टाकलास तर अलॉयवर वाचवलेलं निम्मं परत जाईल.

नटबोल्ट
ऑफसेट 35 चं गणित करून बघ भाऊ. रुंदी अर्धा इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना 6.35 मिमी, वर ऑफसेट 10 ने कमी, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला 16 मिमीपेक्षा जास्त येणार आणि आतून साडेतीन मिमी सुटणार. चार माणसं बसवून खड्ड्यात गेलास की मागचा टायर फेंडरला घासायची भीती, शिवाय स्टिअरिंगचा फील बदलतो तो वेगळाच. 8J ऑफसेट 45 च ठेव.

माझं ऐकशील तर 17 इंचच घे, 225/50 टायर टाकला की बाहेरचा व्यास जेमतेम 3 मिमीने कमी होतो, स्पीडोमीटरला काही फरक नाही, चाक हलकं आणि साइडवॉल जाड म्हणून रिम वाचते. फक्त पुढचा ब्रेक कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) चाकाच्या आत बसतो का ते आधी बघ, विक्रेत्याकडून चाकाच्या आतल्या आकाराचं टेम्प्लेट मागून पुठ्ठ्यावर कापून हबवर धरायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

चाकवेडा
17 चा विचारच केला नव्हता, पटतंय. मजबुतीचं कसं ओळखायचं? सगळ्यांवर जेडब्ल्यूएल कोरलेलं दिसतं.

तिसरा_गिअर
जेडब्ल्यूएल म्हणजे जपानी मानकाप्रमाणे कंपनीने स्वतः टेस्ट करून मारलेला शिक्का, व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेनेही तपासलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बघ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाकाच्या मागे कोरलेलं लोड रेटिंग, म्हणजे एक चाक किती किलो पेलतं तो आकडा. मागच्या अॅक्सलवर कमाल भार 1250 किलो असेल तर चाकाला किमान 625 हवंच, मी 690 च्या खालचं घेणार नाही. फार हलकं आणि फार स्वस्त असं दोन्ही एकत्र दिसलं तर हा आकडा आधी वाच.

नटबोल्ट
आणि सेंटर बोअर! चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची हब रिंग घाल, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहील. जुने बोल्ट वापरताना त्यांची बसायची जागा बघ, गोल बसणारा बोल्ट कोनाच्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो पण नीट धरत नाही. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळ, आणि 50 ते 100 किमी चालवून झाले की परत एकदा चेक कर.