‘ज्याचं सांडपाणी त्यानेच शुद्ध करावं’ म्हणे!

घोडबंदरकर: काल इथे ‘सेक्टरवाले’ लिहून गेले की पालिकेचे मोठे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, बंद करा, प्रत्येक सोसायटीने आपलं पाणी आपणच शुद्ध करावं, आणि बदलापूरसारख्या शहरांनीही हेच करावं. अहो, सोसायटीचा एसटीपी कधी जवळून बघितलाय का? आमचा तळघरात, पार्किंगच्या मागे. तीन वर्षं सेक्रेटरी होतो. रात्री अकराला ऑपरेटर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करायचा. लाइटबिल कमी आलं की कमिटी खूश! हवा तुटली की टाकीतले जिवाणू गुदमरतात. टाकीतलं पाणी काचेच्या नळकांड्यात धरलं, तर अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला हवं. आमचं काळंकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचं. तेच फ्लशला. पाहुणे यायचे असले की बायको आधी बादलीभर साधं पाणी ओतून ठेवायची.

सेक्टरवाले: म्हणजे दोष ब्लोअर बंद करणाऱ्यांचा. त्या बिलांवर सही कोणाची होती?

घोडबंदरकर: माझीच. म्हणून तर सांगतोय.

ऐरोलीकर: मोठ्या प्रकल्पाचा फायदा बघा. नवी मुंबई पालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत २०-२० एमएलडीचे (दिवसाला २० दशलक्ष लिटरचे) टर्शरी प्लांट उभे केले, म्हणजे एसटीपीचं पाणी आणखी शुद्ध करणारे; ते पाणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी. तेवढं मोरबे धरणाचं पाणी वाचतं. नागपुरात भांडेवाडीच्या एसटीपीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. सोसायटीचं पाणी कोण विकत घेणार, गुलाबाच्या कुंड्या?

ठाणेकाकू: सांडपाण्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे प्यायलाच टँकर लागतो. मागच्या मे महिन्यातला मेंटेनन्स दाखवू?

सेक्टरवाले: काकू, म्हणूनच फ्लशला एसटीपीचं पाणी वापरायचं! आणि ब्लोअरचा एवढा बाऊ कशाला? एसबीआर पद्धतीत एकाच टाकीत आळीपाळीने हवा देतात आणि गाळ बसवतात; गाळ बसावा म्हणून हवा मुद्दाम बंदच करतात. पालिकेच्या प्लांटमधल्या सी-टेक पद्धतीतही तेच. टायमर लावा.

घोडबंदरकर: तास-दोन तास बंद आणि रात्रभर बंद, यातला फरक कळतो ना? आमच्या कंत्राटदाराने टायमरही लावला होता. तो बंद करायला वेगळा माणूस लागला नाही, एवढंच.

ऐरोलीकर: ऑपरेटरला पगार किती देत होता?

घोडबंदरकर: वॉचमनपेक्षा कमी. हं, हा मुद्दा मान्य.

ठाणेकाकू: आमच्याकडे तोच वॉचमन, तोच ऑपरेटर, तोच माळी!

वाईची लेक: तुम्ही दोघं ब्लोअरवरून भांडा. पण जिथे मैल्याच्या गटारीच नाहीत तिथे ना तुमचा तळघरातला प्लांट चालेल, ना २० एमएलडीचा. माझ्या माहेरी घरोघरी सेप्टिक टँक. आता पालिका तीन वर्षांतून एकदा पाळीपाळीने उपसते, आणि मैला गावाबाहेर ओतून न देता प्रक्रियेला नेते. पूर्वी टाकी तुंबून अंगणात आली की मगच वडील गाडीवाल्याला शोधायचे. लहान शहरांना सल्ला देण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

सेक्टरवाले: बरं बाई, बदलापूरचं वाक्य मागे घेतो. मोठ्या शहरात मोठे प्लांटही राहू देत, उपकार तुमचे! पण आमची बाग एसटीपीच्याच पाण्यावर आहे. फोटो टाकू?

घोडबंदरकर: बागेचा नको. पहाटे सहाला नळकांड्यात पाणी धरा आणि त्याचा टाका.